वज्रेश्वरीचं ऊन पाणी आणि जिन्यावरच्या खडावा

१९५८ साली आई नऊ वर्षांची होती. तिच्या आजीचे गुडघे धरले होते आणि वैद्यांनी सांगितलं होतं, पंधरा दिवस वज्रेश्वरीला जाऊन ऊन पाण्यात बसा. नात सोबतीला म्हणून गेली. तिथे त्या एका दुमजली, कौलारू लॉजमध्ये राहिल्या होत्या आणि त्या लॉजच्या जिन्यावर रोज पहाटे चारला खडावा वाजायच्या. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आता आईचेच गुडघे धरलेत. यंदाच्या थंडीत ती एकदम म्हणाली, "चल, मला तिथे घेऊन चल. लॉज असला तर तिथेच उतरू."

आम्ही शनिवार पेठेतले. ओंकारेश्वराला जाता-येता चिमाजीअप्पांच्या समाधीला हात जोडायची आईची सवय. वज्रेश्वरीशी त्यांचा किती जवळचा संबंध आहे हे मात्र मला तिथे गेल्यावरच नीट उमगलं.

पुण्याहून अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. द्रुतगती मार्गाने कळंबोली, मग शिळफाटा, भिवंडी, आणि वाड्याच्या रस्त्याने अंबाडी नाक्यापर्यंत. तिथून वज्रेश्वरी अगदी जवळ. भिवंडीच्या गोदामांमुळे दिवसभर कंटेनरची रांग असते, म्हणून पहाटे पाचला निघा आणि नऊच्या आत भिवंडी मागे टाका. आम्ही सातला निघालो आणि त्याची शिक्षा आईच्या पाठीला झाली. गाडी नसेल तर सिंहगड एक्सप्रेसने कल्याण, पुढे भिवंडीमार्गे एसटी. वसईहूनही एसटी आहे.

लॉज होता. आईने तो जिन्यावरून ओळखला. सागवानी जिना, मधोमध झिजून खोलगट झालेल्या पायऱ्या आणि कठड्याच्या टोकाला लाकडी अननस. त्या अननसावर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. खोल्यांना अजून पितळी कड्या आहेत, फरशी शहाबादी, खिडकीला गज. खोली साधी, चादर स्वच्छ, कमोड फक्त खालच्या मजल्यावर. गुडघेदुखीवालं कुणी बरोबर असेल तर आधी फोन करून खालची खोली मागून घ्या. आईने हट्टाने वरची घेतली, आणि का ते मला माहीत होतं.

दुपारी देवीला गेलो. देऊळ म्हणजे किल्लाच. बुरुजासारखा तट, दारावर नगारखाना, वर जायला ५२ पायऱ्या. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी देवीला नवस केला होता, वसई हाती आली तर तुझं देऊळ बांधीन. मे १७३९ मध्ये वसई पडली, आणि त्यांनी सुभेदार शंकर केशव फडके यांना देऊळ बांधायला सांगितलं. देऊळ किल्ल्यासारखं का, याचं उत्तर त्या नवसात आहे. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, अप्पा गेले. आई पायऱ्या मोजत, दर दहा पायऱ्यांनी थांबत वर आली आणि म्हणाली, "आपल्या घराशेजारी त्यांची समाधी आणि इथे त्यांचा नवस." वसईच्या चर्चमधली घंटा भीमाशंकरला टांगलेली आपण बघतो, तीही याच विजयातली. पायऱ्यांना मध्ये बसायला जागा आहे, घाई करू नका.

इथल्या ऊन पाण्याबद्दल गावात सांगतात की देवीने मारलेल्या राक्षसांचं ते रक्त आहे. शास्त्र सांगतं की पावसाचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. खाली ज्वालामुखी धुमसतोय वगैरे काही नाही. असे झरे पालघरपासून राजापूरपर्यंत जणू एका रेषेत आहेत. पालीजवळ उन्हेरे, महाडजवळ सव, दापोलीकडे उन्हवरे, संगमेश्वराकडे तुरळ, राजापूरला उन्हाळे. नावं मोठ्याने म्हणून बघा. गावं वसवणाऱ्यांनी पाण्यात हात घातला आणि जे लागलं तेच नाव ठेवलं.

संध्याकाळी ओसरीवर लॉज सांभाळणारे काका चहा घेऊन आले. आईने विचारलं, "अहो, खडावा अजून वाजतात का हो?"

काका हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "आजी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी ऐकल्यात."

मग त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. मुंबईचे एक वृद्ध गृहस्थ संधिवातासाठी दर कार्तिकात महिनाभर येऊन राहायचे. गर्दी व्हायच्या आत आंघोळ उरकावी म्हणून पहाटे चारला खडावा घालून जिना उतरायचे. एका वर्षी ते आले नाहीत, घरीच वारले असं पत्र आलं. खडावा मात्र त्या कार्तिकातही उतरल्या. "कोणाला त्रास नाही," काका म्हणाले. "उतरतात, वर येत नाहीत."

दुसरी गोष्ट कुंडांची. तानसा नदीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड दाखवून ते म्हणाले, या साती आसरा, पाण्यातल्या देवता. रात्री एकट्याने कुंडात उतरलं की त्या पाय धरतात. त्यांच्या तरुणपणी एक पाहुणा असाच मध्यरात्री गेला आणि पहाटे काठावर बेशुद्ध सापडला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, कुणीतरी ओढत होतं. मी हे अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणार नाही. फार ऊन पाण्यात जास्त वेळ बसलं की रक्तदाब उतरतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पाय खरोखर हलत नाहीत. एकट्या माणसाला रात्री कुंडात जाऊ न देणाऱ्या त्या गोष्टीने किती जीव वाचवले असतील!

रात्री मला झोप लागली नाही. आई मात्र गाढ झोपली होती. चारला पाच-सात मिनिटं असताना जिन्यावर आवाज आला. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. वरून खाली. अंगावर काटा आला हे मान्य करते. तरी मोबाइलचा उजेड घेऊन बाहेर आले. जिन्याच्या कडेने, भिंतीला पट्ट्या ठोकून, छतावरच्या टाकीतून लोखंडी पाइप खाली न्हाणीघराकडे गेलेला. हात लावला तर वरचा भाग तापलेला, खालचा अजून गार. पहाटेच्या आंघोळीसाठी टाकीतलं ऊन पाणी सोडलेलं होतं. पाणी जसजसं खाली येई तसतसं लोखंड प्रसरण पावून एकेका पट्टीवर आपटे. टक्. टक्. अगदी पायरीगणिक.

मी आनंदाने आत येऊन आईला उठवून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, पण तेव्हा गडी घागरीने पाणी आणायचे. पाइप कुठे होता?"

सकाळी काकांना विचारलं. पाइप वडिलांनी बसवला, एवढंच त्यांना ठाऊक. साल नाही.

उजाडता उजाडता अकलोलीच्या कुंडांवर गेलो, दीड-दोन किलोमीटर. सूर्यकुंड, चंद्रकुंड, अग्निकुंड अशी नावं आहेत आणि प्रत्येकाचं पाणी वेगळं तापलेलं. आधी हाताने बघा, मग पावलं, मग गुडघे. थेट उडी मारणारे तरुण मी तिथे पाहिले, कृपा करून तसं करू नका. पाच-सात मिनिटं बसायचं, बाहेर यायचं, थोडं पाणी प्यायचं, पुन्हा बसायचं. हृदयविकार, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. साबण-शाम्पू अजिबात नको. चांदी काढून ठेवा. माझी जोडवी काळीठिक्कर पडली, घरी येऊन रांगोळीने घासली तेव्हा उजळली. काठ शेवाळलेले असतात, रबरी चपला हव्यातच. बायकांना कपडे बदलायला आडोसा आहे, पण आठनंतर रांग लागते. रविवार आणि चैत्र अमावास्येची यात्रा टाळा. पावसाळ्यात तानसा चढली की काठची कुंडं पाण्याखाली जातात, तेव्हा जाण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

परतताना गणेशपुरी. नित्यानंदबाबा १९३६ पासून इथे राहिले आणि ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवला. त्याआधी हे जंगलातलं लहानसं गाव होतं. त्यांच्या दर्शनाला माणसं येऊ लागली तसे रस्ते झाले, धर्मशाळा आणि लॉज उभे राहिले. आईने त्यांना पाहिलंय. तिला आठवतं ते एवढंच, की एक धिप्पाड, काळेसावळे, लंगोटी लावलेले बाबा काहीच न बोलता बसले होते आणि कुणीतरी तिच्या हातात गरम इडली ठेवली होती. समाधीसमोर ती बसली तेव्हा मी बाहेर भीमेश्वराजवळच्या कुंडाशी उभी राहिले. पाण्यातून बुडबुडे वर येत होते, एकामागून एक, थांबून थांबून.

गाडीत बसताना आईने गुडघा दोनदा वाकवून पाहिला. "बरं वाटतंय," म्हणाली. "कार्तिकात पुन्हा येऊ. तीच खोली सांगून ठेव."