आकडा ८४ वरच अडकला

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये लाँगरीच गावाच्या पुढे गुरांच्या फार्मांवर मोबाईलला रेंज नसते, म्हणून आम्ही गाड्यांवर लावायचा सॅटेलाईट ट्रॅकर पाण्याच्या टाकीवर लावतो आणि त्याच्या सिरीयल पोर्टला आमचा सेन्सर जोडतो. आत इरिडियमचा ९६०२ मॉडेम, म्हणजे सॅटेलाईटवरून छोटे मेसेज पाठवणारा भाग. एका मेसेजमध्ये ३४० बाइट बसतात, आम्ही चारच पाठवतो: टाकीचा नंबर, झाकणापासून पाण्यापर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये, हवेचं तापमान आणि बॅटरीचे व्होल्ट दहापट करून. दर तासाला एकदा.

जानेवारीत सकाळी सकाळी फार्मच्या मॅनेजरचा फोन आला. ७ नंबरची टाकी ठणठणीत कोरडी, फ्लोट व्हॉल्व्ह (पातळीप्रमाणे पाणी चालू-बंद करणारी तरंगती झडप) अडकून पाणी वाहून गेलेलं, गुरं कोरड्या हौदाभोवती हंबरत उभी आणि दोन वासरं मेलेली. माझ्या स्क्रीनवर मात्र ८४ सेंटीमीटर, हिरवी टिक, वेळ ताजी, मेसेजचा क्रमांकसुद्धा दर तासाला एकने पुढे जातोय. मी त्यालाच विचारलं, तुम्ही नक्की ७ नंबरच बघताय ना? ते विचारलं याचं मला अजून वाईट वाटतं.

मग तापमानाचा कॉलम बघितला. दुपारी ३७, रात्री दोनला ३७, पहाटे पाचला ३७. पोटात गोळाच आला.

झालं होतं असं. बायनरी मेसेज मॉडेममध्ये लिहिताना शेवटी दोन बाइटचा चेकसम, म्हणजे मेसेज नीट लिहिला गेला का ते तपासायचा आकडा, द्यावा लागतो, सगळ्या बाइटची साधी बेरीज, वरचा बाइट आधी. आमच्या कोडमध्ये ही बेरीज एकाच बाइटमध्ये ठेवलेली, वरचा बाइट कायम शून्य, आणि एका बाइटमध्ये २५५ पर्यंतचाच आकडा मावतो. ७, ८४, ३७, १२६ यांची बेरीज २५४, चाललं. पुढच्या तासाला अंतर ८७ झालं, ३७ आणि १२६ तेच, बेरीज २५७, मॉडेमने लिहायला नकार दिला आणि उत्तरात २ पाठवलं, म्हणजे चेकसम चुकला. ते उत्तर आमचा कोड वाचतच नव्हता, सरळ पुढची पाठवायची कमांड देत होता, आणि मेसेज गेला तरी मॉडेमचा बफर (मेसेज ठेवायची जागा) आपोआप रिकामा होत नाही, त्यामुळे जुनाच मेसेज नव्या क्रमांकाने परत परत जात राहिला. टाकी जितकी रिकामी तितकं अंतर मोठं, म्हणजे बरोब्बर पाणी संपायला लागलं की आकडा गोठणार! ऑफिसात टेस्ट केली ती बादलीवर, अंतर ३०, एसी २४ वर. तिथे हे कधीच दिसलं नसतं.

कोड एका नवीन मुलाने लिहिला पण तपासून पास मी केला होता. मिटींगमध्ये सगळे त्याच्याकडे बघत होते ते मला अजिबात पटलं नाही. आणि मॅन्युअलमध्ये ० ते ३ चारही उत्तरांचे अर्थ लिहिलेले आहेत हो, पण आमच्याकडे मॅन्युअल वाचायला वेळ मागितला की डेमोची तारीख सांगतात.

दुरुस्ती दहा ओळींची. बेरीज दोन बाइटमध्ये, उत्तर ० आलं तरच पाठवायचं, गेलं की बफर पुसायचा. पण कोड लांबून बदलता येत नाही, लॅपटॉप आणि केबल घेऊन एकेका टाकीवर जावं लागतं. टाकीचा नंबरही बेरजेत येतो, त्यामुळे ३१ नंबरची टाकी त्याच उन्हात ६१ च्या पुढे गेली की अडकणार, म्हणून मोठ्या नंबरांपासून सुरुवात केली.

डिसेंबरच्या डेटात २६ नंबरवर सलग अकरा तास चारही आकडे तेच आहेत. तिथल्या माणसाला फोन करून विचारलं, त्या दिवशी पाणी होतं का. म्हणाला, आठवत नाही.