बोअरचं मचूळ पाणी

गुहागरजवळ आमची वाडी, समुद्र हाकेच्या अंतरावर. विहिरीला मार्चनंतर तळ दिसायचा म्हणून बोअर मारली. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या एप्रिलात तूरडाळ सहा शिट्ट्यांनंतरही टचटचीत! आई म्हणाली, "डाळच जून असेल." दुसरी आणली, तीही तशीच. चहाही मचूळ लागायला लागला.

आधी पाणी उकळून पाहिलं. उकळल्याने जंतू मरतात, मीठ कुठे जातंय? पातेल्याच्या बुडाला पांढरी पुटं तेवढी चढली. तुरटीनेही गाळच खाली बसतो. मग एका विक्रेत्याने सॉफ्टनर गळ्यात मारला. साबणाला फेस आला, डाळ शिजली, पण खारटपणा तसाच. हे यंत्र कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतं आणि त्याजागी सोडियम सोडतं, हे मला नंतर कळलं. घरात बाबांना बीपी!

पहिल्याच दिवशी करायचं ते काम शेवटी केलं, पाणी तपासायला दिलं. लिटरमागे मिलिग्रॅममध्ये टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) १९४०, कठीणपणा ६८०, क्लोराइड ७९०. भारतीय मानकात टीडीएस ५०० आणि कठीणपणा २०० पर्यंत असावा. दुसरं पाणीच नसेल तर २००० आणि ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आरओ, क्षार गाळून काढणारं यंत्र, घेणं आलंच. गंमत अशी की सॉफ्टनर वाया गेला नाही. कठीण पाणी थेट सोडलं की आरओच्या मेम्ब्रेनवर, म्हणजे गाळणाऱ्या पडद्यावर, क्षार बसतात, म्हणून आधी सॉफ्टनर, मग आरओ. आता पिण्याच्या पाण्याचा टीडीएस दीडशेच्या आसपास येतो. पण एक लिटरमागे तीन लिटर वाया. पोफळींना ते घालायची सोय नाही, पानं करपतील. ते जातं संडासाच्या बादलीत.

शेजारच्या काकांनी मात्र एकच विचारलं, "पंप किती वेळ चालवतोस रे?" टाकी भरेपर्यंत, सलग तीन तास. इथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. गोड्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडं. जोरात उपसलं की खालचं खारं वर चढतं. आता सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तासच पंप लावतो. टाकी अर्धीच भरते, बायको कुरकुरते. या मे महिन्यात बोअरचं पाणी मोजलं, टीडीएस १४००.