हॅलोची वंशावळ: घोडा सापडला, नावाडी अजून पैलतीरावरच

मंडळी, 'हॅलो' हा शब्द आला कुठून हे शोधायला जुन्या इंग्रजी हाकांचा जो तक्ता मी मांडतेय, त्यातला 'होला'चा रकाना भरला! गेल्या वेळी तो रिकामा सोडून मी चरफडत उठले होते, आठवत असेल. भरला खरा, पण त्यापायी सगळा तक्ताच मोडावा लागला. म्हणून हा वृत्तान्त जरा लांबणार आहे.

दुखणं तेच जुनं, स्पेलिंगचं. आजच्या 'हॅलो'च्या मागे इंग्रजी हाकांची जी फौज उभी आहे, होला, हॉलो, हलू, हलोआ, हल्लो, तिच्यात एच आणि एल सोडले तर एक अक्षर जागेवर बसेल तर शपथ. ज्याच्या कानाला जे लागलं ते त्यानं लिहिलं आणि जुळाऱ्याच्या हाताला जे खिळे लागले ते छापले गेले. मी रकाने पाडले होते स्पेलिंगनुसार, त्यामुळे दर दुसरा उतारा दोन-दोन रकान्यांवर हक्क सांगत होता.

सगळ्यात छळलं ते शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मधल्या एका ओळीनं. पुरुषवेशातली व्हायोला ऑलिव्हियाला सांगते, मी तुमच्या प्रेमात असते तर तुमचं नाव असं पुकारलं असतं की डोंगरांनी ते परत दिलं असतं. आजच्या आवृत्त्यांत तिथे सरळ 'हलू' छापतात. 1623च्या फोलिओचं, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहाचं, पान उघडा: शेवटी डब्ल्यू लावून चक्क 'पवित्र करणे' या क्रियापदाचं स्पेलिंग! आणि प्रेमात पडलेल्या माणसाच्या तोंडी तेही शोभतं, हा आणखी वैताग. नाव पुकारलं की पुजलं? मागचापुढचा संदर्भ पाहता पुकारलंच, पण रकान्याला संदर्भ कुठे कळतो.

त्यात स्कॅन केलेल्या पुस्तकांमधली शोधाशोध. 'हॉलो' टाकलं की पोकळ झाडं, पोकळ दात आणि पोकळ आश्वासनं यांचा ढीग. जुन्या नाटकांत 'हॅलो' टाकलं तर भराभर निकाल आले आणि मी खुर्चीतच उडाले. उघडून बघते तर ऑथेल्लो! पानाच्या माथ्यावर नाटकाचं नाव अक्षरं सुटी-सुटी करून छापलेलं, यंत्रानं पहिली दोन अक्षरं तोडून उरलेलं माझ्या पदरात टाकलेलं. फुकटच्या स्कॅनांना मी नावं ठेवणार नाही, त्यांच्यावरच आपला संसार चाललाय. पण शोधपेटीवर भरवसा ठेवू नका, पान डोळ्यांनी बघा. उलट शिकारीवरच्या एका जुन्या पुस्तकाचं पुनर्मुद्रण मी चांगले पैसे मोजून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलं, तर त्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा छापून आलाय. नेमका हाकांच्या पानावर.

आता घोडा. शेक्सपिअरच्याच 1593च्या 'व्हीनस अँड अडोनिस' या काव्यात अडोनिसचा घोडा घोडी दिसताच लगाम तोडून सुटतो. कवी विचारतो, आता त्याला मालकाच्या रागाची काय पर्वा, त्याच्या लाडीगोडीच्या 'होला'ची काय किंवा दरडावून सांगितलेल्या 'थांब म्हणतो ना'ची काय? दोन्ही हुकूम शेजारी-शेजारी ठेवलेत. म्हणजे होला म्हणजे थांब, तेही चुचकारून. फ्रेंचमधलं 'हो' अधिक 'ला', म्हणजे 'ओ, तिथेच', हे मूळ आपण आधीच टिपलं होतं. त्याला आता जिवंत घोडा मिळाला. मग 'अ‍ॅज यू लाइक इट'मधली सीलियाची ओळही उलगडली. ऑर्लँडोची बातमी ऐकताना रोझलिंड मध्येमध्ये तोंड घालते, तेव्हा सीलिया म्हणते, जरा जिभेला होला म्हण, भलत्या वेळी उड्या मारतेय. त्या 'उड्या' म्हणजे शिकवलेल्या घोड्याच्या. अख्खा विनोद तबेल्यातला आहे!

आणि त्याच शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये वेडाचं सोंग घेतलेला एडगर ओरडतो, 'हलू, हलू, लू, लू!' ही कुत्र्यांना शिकारीवर सोडण्याची आरोळी. एक हाक थांब म्हणते, दुसरी धाव म्हणते, आणि छापणारे दोघींची अक्षरं बिनदिक्कत अदलाबदल करतात. इथे माझी ट्यूब पेटली. रकाने स्पेलिंगचे नकोत, ओरडणाऱ्याला काय हवंय त्याचे हवेत. जुनी फाइल तशीच ठेवून नवी उघडली: थांब, धाव, इकडे ये, ऐक, अरेच्चा. आणि अगदी उजवीकडे, बराच वेळ रिकामा राहिलेला, नमस्काराचा.

यानंतर उतारे पटापट बसत गेले. कोल्ह्यानं झाडी सोडताना पाहिलं की इंग्लंडातले शिकारी जी 'व्ह्यू हलू' ठोकत, ती 'धाव'मध्ये. (आपल्याकडे रान उठवणारे हाकारे असायचे, तेच काम.) कोलरिजच्या 1798च्या कवितेतला अल्बट्रॉस हा समुद्रपक्षी खलाशाची 'हॉलो' ऐकून रोज खाण्याखेळण्यासाठी जवळ येतो, तो 'इकडे ये'मध्ये. डिकन्सचा स्क्रूज 1843मध्ये कारकुनावर 'हल्लो!' म्हणून गुरकावतो, ही काय यायची वेळ झाली म्हणून. नमस्कार तर नाहीच नाही, 'काय हो, आत्ता उगवताय होय' या जातीचं. आणि डिकन्सच्याच 1866च्या 'सिग्नलमन' या कथेची सुरुवातच बघा. रेल्वेसाठी खोल कापलेल्या खिंडीच्या वरून कोणीतरी ओरडतं, 'हलोआ! खाली कोण आहे!' आणि खालचा माणूस वर बघायचं सोडून वळून रुळांकडे बघत राहतो. हाक मारली कशाला आणि ऐकणाऱ्यानं घेतली कशी, हे इतकं लख्ख दाखवणारा दुसरा नमुना माझ्याकडे नाही.

ई घातलेलं आपलं 'हॅलो'सुद्धा या रांगेत मुकाट उभं राहतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या 1826च्या वृत्तपत्रातला तो 'हॅलो, जिम!' पुन्हा वाचा. पुढचं वाक्य 'तुला सांगतो काय ते' असं आहे. म्हणजे 'ए जिम, ऐक.' रकाना: ऐक.

मग नमस्काराचा रकाना भरला कोणी? टेलिफोनच्या तारेनं. सुरुवातीच्या योजनेत टेलिफोनची लाइन सदा उघडीच असणार होती, तेव्हा पलीकडच्याला बोलवायचं कसं हा खरा प्रश्न होता. 15 ऑगस्ट 1877च्या पत्रात एडिसन पिट्सबर्गच्या तार कंपनीचे अध्यक्ष डेव्हिड यांना कळवतो की बोलावण्याच्या घंटेची गरज पडेल असं वाटत नाही, 'हॅलो' 10 ते 20 फुटांवरून ऐकू येतं. हे पत्र फोनोग्राफचे अभ्यासक अ‍ॅलन कोनिग्सबर्ग यांनी अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या दप्तरातून शोधून काढलं. शोधावं तर असं! म्हणजे इथेही ती घंटेच्या जागी मारलेली हाकच. त्याआधी महिनाभर, 18 जुलैला, आवाज उमटवण्याच्या प्रयोगात त्यानं 'हलू' असं ओरडलं होतं म्हणतात. खरं असेल तर शिकाऱ्याची आरोळी आणि टेलिफोनचा शब्द एकाच माणसाच्या तोंडात भेटले. बेलसाहेब मात्र 'अहॉय' या खलाशांच्या हाकेला चिकटून राहिले, त्यावर आपलं मागे झालंय. 1878मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला टेलिफोन एक्स्चेंज निघालं आणि त्यांच्या पुस्तिकेनं 'हलोआ' म्हणून सुरुवात करा असं सांगितलं. पुढे एक्स्चेंजमधल्या मुली 'हॅलो गर्ल्स' झाल्या आणि हाकेचा शिष्टाचार झाला.

जाता जाता: बेलच्या प्रेयसीचं नाव मार्गारेट हॅलो होतं, हा निरोप तुमच्याही ग्रुपवर फिरतोच. ऑक्टोबर 2022मध्ये राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांना फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणायला सांगणारा शासन निर्णय काढला, तेव्हा आमच्या नातेवाइकांत तो नव्यानं उसळला होता. बेलची बायको मेबल हबर्ड. लग्न 11 जुलै 1877ला झालं आणि तिला लहानपणीच्या तापापासून ऐकू येत नव्हतं. एवढं लिहून पाठवलं की शांतता होते, असा अनुभव आहे.

राहिला नावाडी. जुन्या जर्मनमध्ये 'हाला, होला' म्हणजे 'घेऊन ये', आणि नदीपलीकडच्या नावाड्याला ही हाक मारत. कोकणात खाडीकाठी तरीची वाट बघितलेल्या कोणालाही हे पटकन भावेल, म्हणूनच प्रत्येक लोकप्रिय लेखात नावाडी थेट टेलिफोनपाशी आणून उतरवलेला असतो. कोश इतकी घाई करत नाहीत. इंग्रजी 'हलू'चं मूळ ते फ्रेंचमधल्या आरडाओरडा करत पाठलाग करण्याच्या क्रियापदाकडे नेतात, म्हणजे ते शिकारीचं घराणं. जर्मन नावाडी शेजारच्या घराण्यातला. दोघांमध्ये पूल घालणारा एकही इंग्रजी उतारा माझ्या हाती नाही, त्यामुळे त्याची रेघ तुटकच राहील. आणि आता कोणीतरी 'हाळी' काढणारच, म्हणून आधीच सांगते: नाद जुळतो, पुरावा शून्य. हाळी तक्त्यात येणार नाही.

पुढचा हप्ता 'हझ्झा' या जयघोषाच्या इंग्रजी आरोळीवर आणि खलाशांवर करायचा ठरलं होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय, 'धाव' रकान्याच्या शेजारचं कायद्याचं शेत आधी नांगरावं. चोरामागे गावानं ओरडत धावायचं, ती 'ह्यू अँड क्राय'; इंग्लंडातल्या 1285च्या विंचेस्टरच्या कायद्यात ते गावावर बंधनकारकच आहे. चोर हाती लागला नाही तर त्या भागातल्या लोकांनी लुटलेल्याची भरपाई द्यायची! तेव्हा हझ्झा मागे, चोर पुढे. दरम्यान, मुंबईत 1882मध्ये एक्स्चेंज सुरू झालं, त्यानंतरच्या दहा-वीस वर्षांतल्या मराठी छापील मजकुरात कोणाला 'ह्यालो' किंवा 'हेल्लो' दिसलं तर पानाचा फोटो काढून टाका. माथ्यावरच्या ओळीसकट, म्हणजे ऑथेल्लो असेल तर लगेच कळेल.