वेल जपली, गल्ला वाढला: रिग्ली फील्डच्या नूतनीकरणाचा हिशेब

शिकागोचे रिग्ली फील्ड हे बेसबॉलचे स्टेडियम आज कब्ज (Cubs) संघाच्या नावाने ओळखले जात असले, तरी ते त्या संघासाठी बांधलेलेच नव्हते. चार्ल्स वीगमन या उपाहारगृहांच्या धंद्यात पैसा कमावलेल्या गृहस्थाने १९१४ मध्ये फेडरल लीग या नव्या स्पर्धेतील आपल्या संघासाठी ते काही आठवड्यांत उभे केले. ती लीग दोनच हंगामांत गुंडाळली गेली आणि १९१६ मध्ये वीगमनने कब्ज संघ विकत घेणाऱ्यांत सामील होऊन तो संघ तिथे आणला. एवढ्या घाईत उभारलेली ही वास्तू २०२० पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत गणली जाते, आणि तिच्या बरोबरीची जवळपास सगळी स्टेडियमे मात्र जमीनदोस्त झाली आहेत. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, त्या पिढीतील आता दोनच उरली आहेत: बोस्टनचे १९१२ चे फेनवे पार्क आणि हे. ही दोन का वाचली याचे भावनिक उत्तर चाहत्यांना तोंडपाठ असते. मला त्यामागचा पैशांचा हिशेब अधिक रंजक वाटतो, कारण जुने रूप जपण्याच्या ज्या अटींमुळे मालकांचे हात बांधले गेले, त्याच अटींनी त्यांना उत्पन्नाच्या वाटा दाखवल्या, असे माझे मत आहे.

आधी अडचण काय होती ते पाहू. मेजर लीगच्या संघाला हंगामात घरच्या मैदानावर ८१ सामने मिळतात, आणि त्यातूनच तिकिटे, खाद्यपेये, जाहिराती व खास कक्षांचे भाडे वसूल करावे लागते. १९९२ मध्ये बाल्टिमोरचे कॅम्डेन यार्ड्स उघडले, तेव्हापासून नव्या स्टेडियमांत श्रीमंत ग्राहकांसाठी क्लब व खासगी कक्ष, रुंद मार्गिका आणि प्रशस्त स्वयंपाकघरे ओघानेच आली. रिग्लीत आणि फेनवेत यातले फारसे काही नव्हते. आसनांखालच्या मार्गिका अरुंद, स्वच्छतागृहे थोडी, स्वयंपाकाला जागा अपुरी. दोन डावांच्या मधल्या वेळात माणूस खायला घ्यायला उठला, तर रांग पाहून परत येऊन बसणार, म्हणजे माणशी उत्पन्न मार्गिकेच्या रुंदीवर ठरणार. आसनसंख्या वाढवण्यालाही वाव नव्हता, कारण दोन्ही स्टेडियमे चारही बाजूंनी रस्त्यांत आणि घरांत अडकलेली आहेत.

मग पाडून नवे का बांधू नये? याचे एक उत्तर त्याच शहराच्या दक्षिण भागात मिळाले. व्हाइट सॉक्स संघाचे १९१० चे कॉमिस्की पार्क पाडले गेले आणि सार्वजनिक पैशातून त्याच्या शेजारी बांधलेले नवे स्टेडियम १९९१ मध्ये उघडले. कक्ष मिळाले, मार्गिका रुंद झाल्या, पण वरचा मजला इतका उंच व मागे गेला की तिथून खेळाडू ठिपक्यांसारखे दिसू लागले. पुढे २००४ च्या हंगामापूर्वी त्या मजल्याच्या सर्वांत वरच्या आठ रांगा काढून टाकाव्या लागल्या. याचे कारण बांधकामशास्त्रात आहे. जुन्या स्टेडियमांत वरचा मजला पोलादी खांबांवर उभा असे, त्यामुळे तो खालच्या मजल्याच्या थेट वर, मैदानाच्या जवळ आणता येई. काही प्रेक्षकांच्या नजरेआड खांब येत, हे खरेच. नव्या पद्धतीत खांब नकोत म्हणून वरचा मजला मागे ढकलावा लागतो, आणि मधे खासगी कक्षांची एक-दोन पातळ्यांची चवड आली की तो आणखी उंच जातो. थोडक्यात, काही शे लोकांची गैरसोय दूर करण्यासाठी हजारो लोकांना खेळापासून लांब नेले जाते. रिग्लीच्या वरच्या मजल्यावरच्या साध्या तिकिटातही पिचरचा, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्याचा, चेंडू वळताना दिसतो, त्यामागे हे खांब आहेत.

फेनवेचे उदाहरण रिग्लीच्या आधीचे आहे आणि रिग्लीच्या मालकांनी ते बारकाईने अभ्यासले असणार. १९९९ मध्ये फेनवेत खेळणाऱ्या रेड सॉक्स संघाच्या तत्कालीन व्यवस्थापनाने जुन्या मैदानाच्या शेजारी नवे फेनवे बांधण्याची योजना जाहीर केली होती आणि तिला स्थानिकांचा मोठा विरोध झाला होता. २००२ मध्ये जॉन हेन्री, टॉम वर्नर आणि लॅरी लुकिनो यांच्या गटाने संघ घेतला, आणि कॅम्डेन यार्ड्सच्या आखणीत मोठा वाटा असलेल्या वास्तुविशारद जॅनेट मेरी स्मिथ यांना फेनवे आहे तिथेच कसे सुधारता येईल ते पाहायला सांगितले. डाव्या बाजूला ३७ फूट उंचीची हिरवी भिंत आहे, तिला सगळे ‘ग्रीन मॉन्स्टर’ म्हणतात. भिंतीपलीकडच्या लॅन्सडाउन रस्त्यावरच्या खिडक्यांच्या काचा फुटू नयेत म्हणून १९३६ पासून तिच्या माथ्यावर जाळी होती, आणि जाळीत अडकलेले चेंडू काढायला भिंतीवर एक लोखंडी शिडी होती. २००३ मध्ये जाळी काढून तिथे आसनांच्या मोजक्या रांगा बसवल्या गेल्या आणि बघता बघता ती बेसबॉलमधील सर्वांत हवीहवीशी तिकिटे झाली. शिडी मात्र अजून भिंतीवर तशीच आहे. चेंडू क्वचित तिच्यावर आपटून कुठल्याही दिशेला उडतो, त्यासाठी स्वतंत्र नियमही आहे, पण ती काढण्याचा विचार कोणी करत असेल असे वाटत नाही.

त्याहून चतुर युक्ती रस्त्याची होती. सामन्याच्या दिवशी स्टेडियमलगतचा सार्वजनिक रस्ता बंद करून, त्याच्या दोन्ही टोकांना तिकीट तपासणारी दारे लावून, तो स्टेडियमचाच भाग करण्याची परवानगी रेड सॉक्सने शहराकडून मिळवली. एक वीटही न हलवता अरुंद मार्गिकेचा प्रश्न बराचसा सुटला आणि खाद्यविक्रीला मोकळी जागा मिळाली. दहा वर्षांत, दर हिवाळ्यात थोडे थोडे असे, सुमारे २८.५ कोटी डॉलर खर्च झाले. मे २००३ ते एप्रिल २०१३ या काळात, संघाच्या मोजणीप्रमाणे, नियमित हंगामातील सलग ७९४ सामन्यांची सर्व तिकिटे खपली. अर्थात त्या काळात संघाने २००४ आणि २००७ ची विजेतेपदे मिळवली हे विसरून चालणार नाही. भरलेल्या स्टेडियमाचे श्रेय वास्तुविशारदाला किती आणि खेळाडूंना किती, हे वेगळे करणे कोणालाच जमलेले नाही.

शिकागोत रिकेट्स कुटुंबाने २००९ मध्ये ट्रिब्यून कंपनीकडून संघ, स्टेडियम आणि एका क्रीडा वाहिनीतील हिस्सा मिळून सुमारे ८४.५ कोटी डॉलरला घेतला, तेव्हा स्टेडियमची अवस्था वाईट होती. २००४ मध्ये वरच्या मजल्यातून काँक्रीटचे तुकडे पडल्यामुळे खाली जाळ्या बांधाव्या लागल्या होत्या. नव्या मालकांनी प्रथम सार्वजनिक मदत मागून पाहिली. स्टेडियममधून मिळणाऱ्या करमणूक करातील वाढीवर रोखे काढावेत, अशी ती कल्पना होती. राज्याने आणि शहराने ती मान्य केली नाही, आणि अखेर नूतनीकरण खासगी पैशांतून करायचे ठरले. स्टेडियमच्या पत्त्यातील १०६० या क्रमांकावरून त्याला ‘१०६० प्रोजेक्ट’ हे नाव मिळाले. २०१४ चा हंगाम संपताच काम सुरू झाले आणि २०१९ पर्यंत चालले, तेही बव्हंशी हंगाम संपल्यापासून एप्रिलपर्यंतच्या कडाक्याच्या थंडीत. पहिल्याच वर्षी गणित चुकले. २०१५ च्या सलामीच्या सामन्याला ब्लीचर्स, म्हणजे मैदानाच्या दूरच्या टोकाचे उघडे बाक, तयार नव्हते आणि स्वच्छतागृहांसमोरच्या रांगांची चर्चा सामन्यापेक्षा जास्त झाली.

शहराने २००४ मध्येच या वास्तूला संरक्षण दिले होते. बाह्य रूप, प्रवेशद्वारावरचा लाल फलक, वेलीने झाकलेली विटांची भिंत, जुना धावफलक आणि आसनांची अखंड वळणदार रेघ यांना धक्का लावायचा तर वारसा आयोगाची परवानगी लागणार होती. खासगी कक्षांची जाड पातळी मधे घालून वरचा मजला उचलणे त्यामुळे जवळपास अशक्य झाले. तेव्हा मालक जमिनीखाली गेले. पश्चिमेच्या मोकळ्या जागेखाली खणून कब्जसाठी सुमारे ३०,००० चौरस फुटांचे नवे दालन झाले. त्यातील कपडे बदलण्याची खोली वर्तुळाकार असून तिचा व्यास ६० फूट ६ इंच, म्हणजे पिचरपासून होम प्लेटपर्यंतच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेपर्यंतच्या, अंतराएवढा आहे. असल्या कल्पनांचे मला एरवी कौतुक नसते, पण ही आवडली. होम प्लेटमागच्या आसनांखालीही खणून क्लब बांधले गेले. तिथले सदस्य जेवण-खाण खाली करतात आणि खेळ पाहायला जिन्याने वर येतात. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. सर्वांत महाग वस्तू नजरेआड ठेवल्यामुळे स्टेडियमचे साधे रूप शाबूत राहिले, आणि तिकीट घेणारा प्रत्येक जण त्या साध्या रूपासाठीच तर पैसे मोजत असतो.

ब्लीचर्समध्ये बसलो की मी अनेकदा मागे वळून १९३७ चा धावफलक पाहत राहतो. त्याच वर्षी मैदानाच्या दूरच्या कडेच्या भिंतीवर वेल लावली गेली. एप्रिलमध्ये भिंतीवर नुसत्या विटा आणि वाळके जाळे असते, मेअखेर ती हिरवी होते, आणि चेंडू पानांत अडकला की क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो व फलंदाजाला दोनच बेस, म्हणजे एका धावेच्या चार टप्प्यांपैकी दोन, मिळतात. धावफलकात आजही माणसे बसतात. इतर शहरांतील सामन्यांचे आकडे रंगवलेल्या पत्र्यांवर असतात. एक चौकोन रिकामा होतो, क्षणभर आतला अंधार आणि एखादा हात दिसतो, मग नवा आकडा बसतो. ही माहिती प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर त्याआधीच आलेली असते, तरीही माना तिकडे वळतात.

आधुनिकीकरणातील सर्वांत कडू भांडण या धावफलकाच्या दोन्ही बाजूंना झाले. वेव्हलँड आणि शेफील्ड रस्त्यांपलीकडच्या घरांच्या गच्च्यांवरून सामना दिसतो. पूर्वी घरमालक खुर्च्या टाकून बसत, पुढे तिथे पायऱ्यापायऱ्यांची आसने आली आणि त्याचा रीतसर धंदा झाला. कब्जने २००२ मध्ये गच्चीमालकांवर दावा लावला, आणि २००४ मध्ये तडजोड होऊन गच्चीमालकांनी २०२३ पर्यंत एकूण उत्पन्नाच्या १७ टक्के रक्कम संघाला द्यायचे ठरले. नव्या मालकांना मात्र जाहिरातींसाठी मोठे व्हिडिओ फलक हवे होते, आणि ते उभे राहिले की काही गच्च्यांवरून मैदान दिसणार नव्हते. २०१५ मध्ये गच्चीमालक न्यायालयात गेले. करारात एक वाक्य होते की सरकारी मंजुरीने झालेला स्टेडियमचा विस्तार हा कराराचा भंग समजला जाणार नाही. व्हिडिओ फलक हा विस्तार आहे का, यावर सगळे अडले. न्यायालयांनी तो विस्तारच मानला आणि २०१७ मध्ये अपिलातही संघ जिंकला. दरम्यान रिकेट्स कुटुंबाने त्यातील बहुतेक गच्च्या विकतही घेतल्या होत्या. कायद्याने ते बरोबर असेल, पण १७ टक्के घेणाऱ्या भागीदारानेच समोर फलक उभा करावा आणि मग ती मालमत्ता खरेदी करावी, याला मी तरी शेजारधर्म म्हणणार नाही. फलक मात्र अपेक्षेपेक्षा संयत आहेत हेही सांगितले पाहिजे. डावीकडचा फलक सुमारे ४,००० चौरस फुटांचा असूनही त्याची चौकट आणि हिरवा रंग जुन्या धावफलकाशी जुळवून घेतो, आणि त्यात वारसा आयोगाच्या आग्रहाचा वाटा नक्कीच आहे.

खरा पैसा कुंपणाबाहेर आहे. पश्चिमेच्या रिकाम्या जागेवर २०१७ मध्ये चौक खुला झाला. सामना नसेल तेव्हा तिथे बाजार भरतो, चित्रपट दाखवतात, हिवाळ्यात बर्फावर घसरायची सोय असते. रस्त्यापलीकडे २०१८ मध्ये हॉटेल उघडले आणि स्टेडियमचा मूळ वास्तुविशारद झॅकरी टेलर डेव्हिस याचे नाव त्याला दिले. याचे महत्त्व लीगच्या वाटणीच्या नियमांत आहे. प्रत्येक संघाला आपल्या निव्वळ स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के भाग सामायिक निधीत द्यावा लागतो आणि तो निधी तीस संघांत समान वाटला जातो. त्यातून स्टेडियमचा खर्च आधी वजा होतो, म्हणून नूतनीकरणाचे ओझे काही अंशी हलके होते. पण हॉटेलच्या खोलीचे भाडे किंवा चौकातल्या दुकानाचे भाडे हे काही बेसबॉलचे उत्पन्न नव्हे, आणि ते मालकांच्या वेगळ्या कंपनीकडे जाते. वर्षातील ८१ दिवस चालणाऱ्या खेळाभोवती ३६५ दिवसांचे भाडे बांधले गेले, आणि शेजारी शंभर वर्षांची वास्तू नसती तर त्या भाड्याला एवढा भाव मिळाला नसता.

संघाने २०१६ मध्ये १९०८ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले, आणि फोर्ब्सच्या अलीकडच्या अंदाजात संघाचे मूल्य ४ अब्ज डॉलरच्या वर गेले आहे. याच काळात प्रक्षेपणाच्या पैशामुळे सर्वच संघांची किंमत चढली, त्यामुळे सगळे श्रेय विटांना देण्यात अर्थ नाही. शिवाय ‘खासगी पैसा’ हा शब्दही थोडा जपून वापरावा लागतो, कारण मान्यताप्राप्त ऐतिहासिक वास्तूच्या पुनरुज्जीवनावर पात्र खर्चाच्या २० टक्के एवढी संघराज्याची करसवलत मिळू शकते आणि राष्ट्रीय दर्जा मिळवण्याच्या धडपडीत तिचा विचार होताच.

माझी खरी नाराजी आसनांच्या वाटपावर आहे. जागा तेवढीच ठेवून उत्पन्न वाढवायचे म्हणजे चांगल्या जागा कमी लोकांना जास्त किमतीत विकायच्या, हे उघड आहे, आणि होम प्लेटमागे तेच झाले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने कब्ज संघाविरुद्ध दावा दाखल केला. नव्या क्लबांत आणि गटांसाठीच्या जागांत चाकाच्या खुर्चीवरील प्रेक्षकांची सोय केलीच नाही, उलट त्यांच्या जागा सर्वसाधारण विभागांतील शेवटच्या रांगांत ढकलल्या, असा तो आरोप होता. संघाने तो नाकारला आणि सोयी पूर्वीपेक्षा वाढल्याचे सांगितले. १९१४ च्या खांबांवर आणि अरुंद जिन्यांवर बोट ठेवणे सोपे आहे, परंतु ज्या जागांवरून हा दावा झाला त्या २०१४ नंतर नव्याने आखलेल्या होत्या.