ऊटीचा उतार

ऊटीला जाऊन तलाव, बोटॅनिकल गार्डन आणि होममेड चॉकलेट सोडून डोंगरावरच्या रेडिओ दुर्बिणीच्या लोखंडी तारा बघायला कोण जातं? आम्ही गेलो. मेट्टुपालयमच्या छोट्या गाडीत हिचा चेहरा हसरा होता, दुर्बीण जिथे आहे त्या मुथोराईच्या रिक्षात तेवढा राहिला नव्हता.

हट्ट माझा, आणि त्याला कारण कल्याण. जन्म कल्याणचा, शाळा कल्याणची. तरी चाळिशी उलटल्यावर कळलं, की १९६५ साली आमच्याच गावाजवळ सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या ३२ तबकड्या उभ्या होत्या. एकेक जेमतेम सहा फुटांची. उभारणारे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप.

हा माणूस मुरादाबाद जिल्ह्यातल्या ठाकुरद्वाऱ्याचा, जन्म १९२९. अलाहाबादेत शिकून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत लागला, १९५३ साली ऑस्ट्रेलियाला गेला. सिडनीत काम संपलेल्या या तबकड्या भारताला मिळाव्यात म्हणून त्यांनीच खटपट केली. ऑस्ट्रेलियानं त्या देऊ केल्या, पण जहाजाचं भाडं कोणी भरायचं यावर कागद फिरत राहिले. वाट पाहून स्वरूप अमेरिकेला गेले आणि स्टॅनफर्डची पीएच.डी. घेऊन बसले. १९६१ साली ते, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन अशा चौघांनी भारतात पत्रं धाडली: आम्ही परत येतो, रेडिओ खगोलशास्त्राचा गट काढा. जानेवारी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, म्हणजे टीआयएफआरच्या, होमी भाभांची तार आली, गट काढायचं ठरलंय, पत्र मागून येतंय. एक साधा दाखला काढायला मी जेवढे हेलपाटे घातलेत, त्या हिशेबानं हा चमत्कारच. १९६३ मध्ये स्वरूप टीआयएफआरमध्ये रुजू झाले आणि तबकड्या कल्याणला आल्या.

पण खरा डाव ऊटीचा. रिक्षा वळली आणि गाजराच्या वाफ्यांपलीकडे ती दुर्बीण दिसली. दुर्बीण म्हटल्यावर डोळ्यांपुढे नळी येते किंवा मोठी थाळी. इथे यातलं काहीच नाही. अर्धा किलोमीटरहून लांब, म्हणजे ५३० मीटर, आणि ३० मीटर रुंद असं एक पन्हळ टेकडीवरून खाली उतरत गेलेलं. त्याला २४ लोखंडी कमानी आणि त्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या स्टीलच्या ११०० बारीक तारा. हिनं विचारलं, "सपाट जागा मिळाली नाही का यांना?"

उत्तर त्या उतारातच आहे. ऊटीचे अक्षांश ११ अंशांच्या आसपास, आणि स्वरूप यांनी दक्षिणोत्तर तेवढ्याच उताराची टेकडी हुडकून काढली. त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. आता पन्हळ नुसतं पूर्वेकडून पश्चिमेकडे कलतं करत नेलं की आकाशातला एकच स्रोत साडेनऊ तास धरून ठेवता येतो. यंत्राचं निम्मं काम डोंगराकडून करून घेतलेलं!

१९७० साली दुर्बीण सुरू झाली. दूरची आकाशगंगा चंद्राआड जाते त्या क्षणी तिच्या लहरी कशा मंदावतात, यावरून तिची जागा आणि आकार काढायचा, ही पद्धत. स्वरूप आणि त्यांचे सहकारी विजय कपाही यांनी अशा स्रोतांची मापं तपासली तेव्हा कौल महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला सुरुवात आहे आणि ते बदलत आलंय या मताच्या, बाजूनं पडला. स्थिर विश्वाची, म्हणजे विश्व सदाच असंच आहे अशी, बाजू मांडणारे जयंत नारळीकर तेव्हा त्याच टीआयएफआरमध्ये होते. त्या चहाच्या टेबलाशी बसायला मिळालं असतं तर चॉकलेट मीही सोडलं असतं.

पुढे नारायणगावजवळ खोडदला आणि आजूबाजूला दुसऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या उभ्या राहिल्या, त्यांतही स्वरूप यांचा हाच काटकसरी स्वभाव. भरीव पत्र्याऐवजी दोरांवर ताणलेली जाळी. वारा आरपार जातो, थाळी हलकी होते. खोडद मी पाहिलंय, पण ऊटी पाहिल्यावर ते जास्त कळलं. सप्टेंबर २०२० मध्ये पुण्यात स्वरूप गेले.

आम्ही फोन बंद ठेवून बराच वेळ कुंपणाशी उभे होतो. आलो तेव्हा कमानींची तोंडं जवळजवळ आभाळाकडे होती. रिक्षावाला हॉर्न देऊ लागला, निघता निघता मागं पाहिलं, तर सगळं पन्हळ पश्चिमेकडे चांगलंच कललं होतं. हलताना मात्र आम्हा दोघांनाही दिसलं नव्हतं.