रोटालाचा ढीग, चिठ्ठ्या आणि आता हात वर

आमच्या क्लबच्या फिशटँकमधल्या झाडांच्या लिलावात रोटाला या झाडाच्या ढीगभर सारख्या पिशव्या कशा विकायच्या, हा प्रश्न एकदाचा सुटला असं या वेळी लिहायचं होतं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो खरंच सुटलेला होता. मग क्रिप्ट वेंडटी या दुसऱ्या झाडाची पाळी आली आणि चिठ्ठ्या टाकून विकायची अख्खी नवी पद्धत तिथल्या तिथे कोसळली. म्हणून अपडेट लांबलाय, पण शेवटी जे सुचलंय ते मला चिठ्ठ्यांपेक्षाही जास्त आवडलंय, तेव्हा वाचाच.

मागचं सगळं परत उगाळत नाही. मुद्दा तोच, लिलावाच्या आधी जो तो टँक ट्रिम करतो आणि भराभर वाढणारी झाडं सगळ्यांकडे सारखीच, त्यामुळे टेबलावर रोटाला रोटंडिफोलिया, हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, लिम्नोफिला सेसिलिफ्लोरा यांचे ढीग. एका लॉटला एक मिनिट धरलं तरी तीस पिशव्या म्हणजे अर्धा तास एकच झाड पुकारत बसायचं. आणि भाव कसा जातो ते सगळ्यांनी बघितलंय, पहिल्या पिशवीला बोली लावायच्या चार-पाच नंबरच्या पाट्या वर, सहावी-सातवी येईपर्यंत भाव निम्मा, आणि दहाव्यानंतर पुकारणारे काका "एक वार, दोन वार" करत हॉलभर नजर फिरवतात तर कोणी मानसुद्धा वर करत नाही. ज्याची पिशवी आधी लागली तो खूश, ज्याची अकरावी लागली त्याचं झाड तेच, मेहनत तीच, आणि भाव मात्र पडलेला. त्यावरून लॉट नंबर देतानाच कुरबुर सुरू व्हायची, आणि ज्यांना फक्त बुसे (बुसेफॅलँड्रा) किंवा रेअर अनुबियाससारखं दुर्मीळ झाड हवंय ते तोपर्यंत कंटाळून निघून जायचे.

हे फक्त झाडांच्या लिलावात होत नाही. ऑर्ली अॅशेनफेल्टर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९८९ साली वाइनच्या लिलावांवर लिहिलं होतं, त्यातही हेच दिसलं की तीच वाइन एकाच लिलावात लागोपाठ विकली तर भाव चढण्यापेक्षा उतरण्याचेच प्रकार जास्त. म्हणजे काकांच्या पुकारण्यात काही खोट नाही, एकामागून एक विकण्यातच ती घसरण आहे. मग एकामागून एक विकायचंच कशाला?

तर चिठ्ठ्या. सारख्या पिशव्यांचा एकच गठ्ठा लॉट करायचा. समजा दहा पिशव्या आहेत. ज्याला हवी त्याने चिठ्ठीवर पाटी नंबर आणि जास्तीत जास्त किती देईन तो आकडा लिहून डब्यात टाकायचा. वरच्या दहा चिठ्ठ्यांना पिशवी मिळणार, आणि दहाही जण भरणार अकराव्या चिठ्ठीचा आकडा, म्हणजे ज्याला मिळाली नाही त्यातल्या सगळ्यात वरच्याचा. चिठ्ठ्या दहा किंवा त्याहून कमी आल्या तर सगळ्यांना आधी ठरलेल्या कमीतकमी भावाने. ही कल्पना विल्यम विकरी यांच्या १९६१ च्या लेखातल्या विचारावर बेतलेली आहे (त्यांना १९९६ ला नोबेल मिळालं). त्यातली खुबी अशी की प्रत्येकाला एकच पिशवी हवी असेल तर मनातला खरा आकडा लिहिणंच फायद्याचं ठरतं, कारण तुम्ही भरता तो आकडा तुमचा नसतोच, त्यामुळे कमी लिहून पैसे वाचत नाहीत, फक्त पिशवी हातची जाते.

रोटालाला हे इतकं सुरेख चाललं की काय सांगू! अख्खा गठ्ठा काही मिनिटांत संपला, सगळ्या विकणाऱ्यांना सारखा भाव, क्लबचा हिस्सा एकाच हिशोबात, आणि लॉट नंबरवरून एक शब्दही नाही. हायग्रोफिलाला चिठ्ठ्या कमी पडल्या तर ती कमीतकमी भावाने गेली, पण गेली. एकही पिशवी परत घरी न्यावी लागली नाही, हे आमच्याकडे पहिल्यांदाच घडलं असेल.

आता क्रिप्ट. रोटालाच्या काड्या सगळ्या सारख्याच दिसतात, क्रिप्ट वेंडटीचं तसं नाही. एका पिशवीत भरदार मुळांचं, दोन रनर (आडवे फुटवे) फुटलेलं झाड, तर दुसऱ्या पिशवीत पाच पानांचं पिल्लू. म्हणून कमिटीत ठरलं होतं की ज्याची चिठ्ठी सगळ्यात वर त्याने पिशवी आधी निवडायची. ऐकायला अगदी न्यायाचं वाटतं. पण लोक हुशार असतात, रोटालाच्या वेळीच त्यांच्या लक्षात आलं होतं की आपण लिहितो तो आकडा भरायचाच नसतो! मग काय, भरदार झाड आपल्यालाच मिळावं म्हणून एकाने मोठा आकडा लिहिला, शेजारच्याने त्याहून मोठा, आणि असे फुगवलेले आकडे पिशव्यांपेक्षा जास्त निघाले. म्हणजे जो आकडा सगळ्यांनी भरायचा तोच फुगलेला. पाच पानांच्या पिल्लाला जो भाव लागला तो ऐकून हॉल आधी गप्प झाला आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. शेवटी तो लॉट रद्द करून क्रिप्ट एकेक करून जुन्या पद्धतीने पुकारली.

घरी आल्यावर हेच डोक्यात. आधी निवडण्याचा मान चिठ्ठीच्या आकड्याला जोडला की चिठ्ठी खोटी होते, एवढं पक्कं कळलं. मान चिठ्ठीपासून तोडायचाच. मग निवडीचा क्रम कशाने? डब्यातून पाटी नंबर काढून. नशिबाचा भाग राहतो, पण त्यात फुगवून काही मिळत नाही. आणि मुळात पिशव्याच सारख्या करायच्या, म्हणजे निवडीला फार अर्थ उरत नाही. स्टेमसाठी, म्हणजे रोटालासारख्या काड्यांच्या झाडांसाठी, दहा काड्या, पंधरा सेंटीमीटर, खालची सडकी पानं काढलेली. रायझोमवाल्या (आडव्या जाड खोडाच्या) झाडांना आणि मोठ्या क्रिप्टला गठ्ठ्यात घ्यायचंच नाही, ती वेगळी पुकारायची.

दुसरा एक त्रास क्रिप्टच्या गोंधळात झाकला गेला. मोठा टँक असलेल्या एका सभासदाला रोटालाच्या तीन पिशव्या हव्या होत्या, त्याने तीन चिठ्ठ्या टाकल्या. त्यातली एक हरली आणि तीच नेमकी अकरावी निघाली, म्हणजे त्याच्याच तिसऱ्या चिठ्ठीने त्याच्या पहिल्या दोन पिशव्यांचा भाव ठरवला. तो बरोबर म्हणाला, पुढच्या वेळी तिसरी चिठ्ठी मी अगदी खालच्या आकड्याची टाकेन. एकाहून जास्त पिशव्या हव्या असल्या की या पद्धतीत खरं लिहिणं परवडत नाही. यावर उपाय सध्या तरी सरळ, पहिल्या फेरीत माणशी एक, उरलं तर दुसरी फेरी.

इथपर्यंत लिहून चहा घेतला आणि चहा घेताना डोक्यात आलं की चिठ्ठ्या हव्यातच कशाला?

बघा, दहा पिशव्या आहेत. काका कमीतकमी भाव पुकारतात, ज्यांना हवी ते सगळे पाटी वर करतात. काका एकेक पायरी भाव चढवतात, ज्याला परवडत नाही तो पाटी खाली घेतो, आणि एकदा खाली घेतलेली पाटी परत वर नाही. वर राहिलेल्या पाट्या दहा झाल्या की थांबायचं, त्या आकड्याला दहाही जणांना पिशवी. निकाल जवळपास चिठ्ठ्यांसारखाच, पण सगळं डोळ्यांसमोर, डबा नाही, हिशोब नाही, आणि मोठा आकडा फुगवण्याची सोयच नाही कारण शेवटच्या दहांत कोण किती वर गेला असता हे कधी कळतच नाही. शिवाय लिलावाची मजा परत येते, चिठ्ठ्यांच्या वेळी हॉल परीक्षेला बसल्यासारखा वाटत होता ते मला अजिबात आवडलं नव्हतं. डच फुलबाजारात, आल्समीरला, घड्याळ उलटं चालतं, भाव वरून खाली येतो आणि पहिलं बटण दाबणाऱ्याला माल. तेही उरलेल्या पिशव्यांसाठी वापरून बघायचंय, पण नंतर.

अडचण एकच दिसते. बारा पाट्या वर आहेत, काकांनी पुढची पायरी पुकारली आणि एकदम तिघांनी खाली घेतल्या, राहिल्या नऊ. मग आधीच्या पायरीचा भाव सगळ्यांना आणि दहावी पिशवी त्या तिघांत चिठ्ठी काढून. पायऱ्या लहान ठेवल्या तर हे फार वेळा होणार नाही. पाट्या मोजायला दोन माणसं लागतील, हॉलच्या दोन बाजूंना.

बाकी थोडक्यात. लेबल: कृपा करून मार्कर सोडा, ओल्या पिशवीवर तो पुसला जातो, आणि स्टिकर तर ओलाव्याने गळूनच पडतात. प्लास्टिकच्या पट्टीवर पेन्सिलने लिहून पट्टी पिशवीत टाका, पेन्सिल पाण्यात जात नाही. झिपलॉकपेक्षा माशांची साधी लांब पिशवी रबर लावून कितीतरी चांगली, झिपलॉक कोपऱ्यातून गळते. झाड पाण्याबाहेर वाढवलेलं असेल तर तसं लिहाच, नाहीतर टँकमध्ये गेल्यावर जुनी पानं झडली की घेणाऱ्याला वाटतं फसवलं.

तपासणीच्या टेबलावर एका मॉसच्या पिशवीत युट्रिक्युलेरिया गिब्बा हे टँकमधलं तण सापडलं, केसासारखे हिरवे धागे आणि त्यावर बारीक फुगे. मॉसमध्ये शिरली की ती निवडून काढणं जवळपास अशक्य, म्हणून पिशवी बाजूला ठेवली आणि ज्याची होती त्यानेही लगेच मान्य केलं. टेबलावरच्या ताईंची नजर अफाट आहे, त्यांना सगळ्यांकडून सलाम. गोगलगायीच्या अंड्यांची पारदर्शक जेली तर त्या पिशवी न उघडता ओळखतात.

आणि हो, बुसे ब्राउनी घोस्ट! रोटाला लवकर आटोपल्याने, क्रिप्टचा घोळ धरूनही, हॉल भरलेला असताना ती पुकारली गेली, कोणी निघून गेलं नव्हतं, आणि चार जणांत चांगली रंगली. घेणाऱ्याने रायझोम दगडाला बांधून फोटो पाठवलाय, पान अजून एकही गळलेलं नाही.

पुढच्या लिलावाला रोटाला आणि लिम्नोफिला पाट्यांनी करू, हायग्रोफिला चिठ्ठ्यांनीच ठेवू, म्हणजे दोन्हीला किती वेळ लागला ते शेजारी शेजारी बघता येईल. रोटालावाल्यांनी एवढं करा, एचरा (रोटंडिफोलियाचाच लालसर प्रकार) असेल तर वेगळी द्या. कमी लाइटमध्ये ती हिरवी पडते आणि साध्या रोटंडिफोलियाच्या गठ्ठ्यात मिसळते, आणि गठ्ठ्यात एक जरी पिशवी वेगळी निघाली तरी निवडीवरून परत तेच सुरू होईल. ज्यांच्याकडे पाट्या मोजायची तयारी आहे त्यांनी मला सांगा, दोघं हवेत.