दीवचा किल्ला

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आम्ही काही मराठी मंडळींनी आज दीवचा किल्ला पाहिला. हुमायूनविरुद्ध मदत मिळावी म्हणून गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३५ मध्ये पोर्तुगीजांना येथे किल्ला बांधू दिला आणि १५३७ मध्ये त्यांच्याशीच उडालेल्या चकमकीत तो मारला गेला. भटाला दिली ओसरी, दुसरे काय! खडक फोडून काढलेला खंदक पाहिला की १५३८ चा तुर्की वेढा का फसला, हे निम्मे उमगते. गायकवाडांच्या सोन्याचांदीच्या तोफांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मला खाऱ्या वाऱ्याने हिरवट पडलेल्या येथील तोफाच अधिक खऱ्या वाटल्या. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, दीव मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिले.